मी अनंतला मरू द्यायचो

माझ्या बायकोला माझ्याबद्दलचं बहुतेक सगळं वाईट माहीत आहे. पहिली नोकरी मी सोडली नव्हती, मला काढलं होतं – हे तिला माहीत आहे. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये थांबायची पाळी मी काहीतरी निमित्त काढून टाळायचो, हेही माहीत आहे. ही एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नाही. तिलाच काय, कोणालाच नाही. लाज वाटते म्हणून सांगितली नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं नाहीये. सांगताना मला त्यातली मजा आठवेल आणि ती माझ्या चेहऱ्यावर दिसेल – ही भीती आहे.

तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

गोष्ट एका कॉम्प्युटर गेमची आहे. हसू आलं ना? चाळिशीकडे झुकलेला माणूस, मनातलं सांगायला बसलाय, आणि काय, तर गेम. मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच म्हणत आलो. गेममध्ये कोणी मेलं तर खरंच मरतं का? नाही मरत. थोड्या वेळात पुन्हा उभं राहतं. मग मी असं काय केलं? – सांगतो. जरा फिरून यावं लागेल.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. वडिलांनी गिरगावातली खोली विकून मीरा रोडला शांती नगरमध्ये घर घेतलं होतं. आमच्या सेक्टरमध्ये झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक सायबर कॅफे होता. बाहेर एसीची पाटी, आत टेबलफॅन. आम्ही चौघं कॉलेज सुटलं की तिथे. केतन – त्याच्या वडिलांचं स्टेशनजवळ होजिअरीचं दुकान होतं, तोंडाने फटकळ. इरफान – नया नगरचा, आमच्यात सगळ्यात हुशार, कमी बोलायचा. मी. आणि अनंत.

अनंत भाईंदरचा, नवघर गावातला. गावातला म्हणजे खरोखर गावातला – आमच्या सगळ्यांच्या बिल्डिंगी उठायच्या आधीपासून त्याचं घर तिथे होतं. आजोबा मिठागरात होते. अनंत उंच, रुंद खांद्यांचा, गावच्या कबड्डी संघात खेळायचा. बोलताना ‘हाय’, ‘न्हाय’ म्हणायचा आणि आम्ही हसलो की आमच्याबरोबर तोही हसायचा. मी त्याची नक्कल करायचो. छान जमायची मला. माझी आई एकदा ऐकून म्हणाली होती, “असं बोलू नये रे.” पण तीही हसलीच होती.

त्या गेमचं नाव सांगत नाही. एवढंच समजून घ्या की त्यात टोळी करून राक्षस मारायचे, मारले की पॉइंट मिळायचे, पॉइंट साठले की लेव्हल वाढायची. टोळीतल्या सगळ्यांच्या लेव्हल जवळजवळ असतील तरच पॉइंट वाटले जायचे. एखादा फार मागे राहिला की त्याला काहीच मिळायचं नाही, आणि त्याच्यामुळे बाकीच्यांचंही घटायचं. म्हणून मित्रांना एकमेकांना धरूनच वर जावं लागायचं. आणि मेलं की पॉइंट कापले जायचे. पुन्हा पुन्हा मेलं की लेव्हल खाली यायची. कित्येक दुपारींची मेहनत अशी जायची.

चौघांची कामं वाटलेली. अनंत ढाल घेऊन पुढे – त्याने मार खायचा. केतन आणि इरफान मध्ये – त्यांनी मारायचं. मी सगळ्यात मागे. माझं काम एकच, पुढच्याला जिवंत ठेवायचं. अनंतचं रक्त कमी झालं की मी एक बटण दाबायचं, ते पुन्हा भरायचं. सगळे मला डॉक्टर म्हणायचे.

आता इथे तुम्हाला कळलं असेल. पण थांबा. का केलं ते आधी सांगू दे – कारण ते मला जास्त वाईट वाटतं.

मला कावीळ झाली. महिनाभराहून जास्त घरी. परत गेलो तेव्हा तिघं इतके पुढे निघून गेले होते की मला टोळीत घेऊन काही उपयोग नव्हता. केतन सरळ म्हणाला, “तू तुझं तुझं ये बाबा वर. आम्ही थांबलो तर आमचे वांधे.” इरफान काही बोलला नाही, म्हणजे त्याचंही तेच. अनंत त्याच्या खुर्चीतून उठला आणि माझ्या शेजारच्या मशीनवर येऊन बसला.

“तुमी खेला,” त्यांना म्हणाला. “मी याला वर आनतो.”

आणि त्याने आणलं. कित्येक दिवस तो माझ्याबरोबर खालच्या मैदानात यायचा, जिथे नवे लोक रानडुकरं मारतात. टोळीत न येता तो नुसता शेजारी उभा राहायचा, डुकराला मरायला टेकवायचा, आणि हात आवरायचा. शेवटचा घाव ज्याचा, पॉइंट त्याचे. तो घाव माझ्यासाठी ठेवायचा.

“घे, मार आता,” म्हणायचा.

स्वतःला त्यातून काही नाही मिळायचं. त्याचा वेळ, त्याचं नेटचं भाडं, त्याची लेव्हल तिथल्या तिथे. घे, मार. घे, मार. रोज. एकदाही त्याने उपकार केल्यासारखं तोंड केलं नाही. केलं असतं तर किती बरं झालं असतं. मला त्याचा राग करता आला असता.

तुम्हाला कोणी असं हाताला धरून वर आणलंय का कधी? आणि तुम्ही ज्याची नक्कल करून चार पोरांना हसवलंय, त्यानेच आणलंय का?

मी वर पोचलो त्या दिवशी आम्ही कॅफेबाहेर गाडीवर वडापाव खात होतो. केतन सगळ्यांदेखत म्हणाला, “अंत्या नसता ना, तर डॉक्टर अजून डुकरंच मारत बसला असता.” गाडीवाला हसला. इरफानही. अनंत हसला नाही. “न्हाय रं,” म्हणाला, “मारली त्यानेच. मी नुसता बाजूला उबा होतो.”

माझ्या बाजूने बोलला तो. ते वाक्य मला आजही पाठ आहे. केतनचं टोचलं, ते दुसऱ्या दिवशी विसरलो. अनंतचं विसरलो नाही.

पहिल्यांदा झालं ते चुकून झालं – हे खरं आहे, आणि याने काही फरक पडत नाही. मी चार नंबरच्या मशीनवर बसायचो. भिंतीला चिकटलेलं, जुनं, मधूनच हँग व्हायचं. एका मोठ्या लढाईत ते हँग झालं. मी बटण दाबतोय आणि काही होत नाही. स्क्रीन सुटली तेव्हा अनंत मरून पडला होता. कितीतरी पॉइंट गेले. मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात तोच खुर्ची वळवून म्हणाला, “माझंच चुकलं. मी जरा पुढे गेलो.”

तो पुढे गेला नव्हता. मी पाहिलं होतं. तो जिथे उभा राहायला हवा तिथेच उभा होता.

मी म्हणायला हवं होतं की मशीन हँग झालं. तोंडात आलंही होतं. पण केतन आधीच सुरू झाला होता, “अरे अंत्या, बघून जा ना यार” – आणि अनंत मान हलवत होता. मी गप्प बसलो. काय वाटलं सांगू? थंड वाटलं. बरं वाटलं. कावीळ उतरल्यावर पहिल्यांदा भूक लागते ना, तसं काहीतरी.

पुढच्या वेळी मशीन हँग झालं नाही.

त्याचं रक्त कमी होताना एक लाल पट्टी लहान लहान होत जाते. माझं बोट बटणावर होतं. मी दाबलं नाही. पट्टी केसाएवढी उरली, तरी नाही. संपली – आणि मग दाबलं, भरभर, चार-पाच वेळा, आवाज यावा म्हणून. “अरे यार, हँग झालं,” म्हणालो. इरफानने कपाळाला हात लावला. अनंत म्हणाला, “न्हाय न्हाय, तुझं काय न्हाय. मीच.”

हे मी किती दिवस केलं? एक-दोनदा करून थांबलो असतो तर कदाचित आज लिहिलं नसतं. मी अख्खा हिवाळा केलं. रोज नाही केलं – रोज केलं असतं तर इरफानच्या लक्षात आलं असतं. दोन-तीन दिवस त्याला नीट सांभाळायचो. अगदी जीव तोडून. एकदा तर मी स्वतः मेलो पण त्याला वाचवलं, आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मग एक दिवस, त्याची लेव्हल वाढायला थोडंसंच उरलेलं असताना, त्याला मरू द्यायचो. नेमकं तेव्हाच. तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ओरडायचा नाही, शिवी द्यायचा नाही. नुसता स्क्रीनकडे बघत राहायचा, स्वतःच्या हातांकडे बघायचा. मी तो चेहरा बघायचो. मला तो बघायला आवडायचं.

कॅफेवाल्याने मध्ये नवी मशीनं आणली. मला म्हणाला, “आप उधर बैठो, ये चार नंबर निकाल रहा हूं.” मी म्हणालो, राहू दे, मला याची सवय आहे. हट्टच धरला. त्याने ते माझ्यासाठी ठेवलं. चुकून घडलेल्या गोष्टीत माणूस असं करतो का?

आणि तेवढ्यावर भागलं नाही. मी त्याला शिकवायला लागलो.

कॅफेच्या पायरीवर बसून मी त्याला त्याच्या चुका समजावून सांगायचो. ज्या तो करत नव्हता, त्या. तू घाईने पुढे जातोस. तू मागे वळून माझ्याकडे बघत नाहीस. ढाल उचलायला तुला उशीर होतो. माझा आवाज इतका मऊ असायचा. तो गुडघ्यावर कोपरं ठेवून ऐकायचा, मध्ये मध्ये विचारायचा, “म्हंजे मी आदी थांबू का?” – आणि मी विचार केल्यासारखं करून म्हणायचो, हो, आधी थांब. दुसऱ्या दिवशी तो आमच्या आधी येऊन एकटाच सराव करत बसलेला असायचा. थांबायचा. मागे वळून बघायचा. पुन्हा थांबायचा.

मग एक दिवस असं झालं की मी वेळेवर बटण दाबलं आणि तरी तो मेला.

मला कळेना. पुढच्या खेपेला मी नीट लक्ष दिलं. मी त्याला व्यवस्थित सांभाळत होतो, आणि तो चुकत होता. नको तिथे थांबत होता, ढाल उचलावी की नको यात अडकत होता, लढाई सोडून माझ्याकडे बघत होता. सगळ्या चुका त्याने आता शिकून घेतल्या होत्या. मला काही करायची गरजच उरली नव्हती.

तिथे तरी मला धक्का बसायला हवा होता, नाही का? मला वाटलं – बघ, तो होताच तसा. मी फक्त आधी ओळखलं होतं.

त्याची लेव्हल आता आम्हा तिघांच्या खूप खाली गेली होती. पॉइंट वाटले जाईनात. कावीळ झाली तेव्हा जिथे मी होतो, तिथे आता तो. मी त्याच्याबरोबर खालच्या मैदानात गेलो का? हा प्रश्न तुम्ही विचारण्याआधी मीच विचारतो. केतनने विचारला होता, चक्क केतनने – “तू जा ना त्याच्यासोबत थोडे दिवस.” मी म्हणालो, परीक्षा आहेत. परीक्षा सगळ्यांच्याच होत्या.

केतनचा एक मामेभाऊ हाच गेम खेळायचा, ढालवालाच. त्याला घ्यायचं ठरलं. अनंतला कोण सांगणार? इरफान म्हणाला, “मुझसे नहीं होगा, यार.” केतन फटकळ, पण त्याचाही पाय निघेना. मी म्हणालो, मी सांगतो. मला सांगायचं होतं.

त्याच्या घरी गेलो. नवघरला, दोन नव्या बिल्डिंगींच्या मध्ये बसकं कौलारू घर, ओटीवर जाळीत सुकट वाळत होती. त्याच्या आईने बसवलं, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. मी खाल्लं. दुसरी भाकरीही घेतली. ती माऊली म्हणाली, “तुमी हाव म्हनून. ह्यो लय भोला हाय, याला सांभालून घ्या.” मी म्हणालो, हो काकी.

मग बाहेर आलो आणि त्याला सांगितलं. ठरवून गेलेलो, सगळं नीट सांगितलं – तुझ्यामुळे तिघांचं नुकसान होतंय, कोणी तोंडावर बोलत नाही पण सगळे वैतागलेत, मी खूप दिवस तुझी बाजू घेतली, आता माझंही कोणी ऐकत नाही. शेवटचं तर मी त्या क्षणी जोडलं. कशासाठी? त्याने माझे आभार मानावेत म्हणून.

त्याने मानले. “बरोबर हाय,” म्हणाला. “तुलाच लय तरास दिला मी. माझ्यापाठी पलत होतास.” डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. अंगठ्याने ओटीच्या कडेचा चुना खरवडत होता. दुसऱ्या दिवशी कॅफेत आला, शेवटचा, आणि त्याची ती ढाल – किती महिने खपून मिळवलेली – केतनच्या मामेभावाला देऊन टाकली. मग लॉगआउट केलं, मशीन बंद केलं, खुर्ची आत सरकवली आणि गेला.

पुढे आमचंही ते फार चाललं नाही. परीक्षा, मग नोकऱ्या. इरफान दुबईला गेला. पण त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट राहिली. नवघरच्या मैदानावर कबड्डीचे सामने होते, केतन बघायला गेला होता. त्याने येऊन सांगितलं – शेवटची चढाई अनंतला दिली होती, एरवी त्याचीच असायची. तो रेषेपर्यंत गेला आणि मागे फिरला. कप्तानाला म्हणाला, “मला नको. ऐन टायमाला माझं चुकतं.” दुसऱ्या कोणालातरी पाठवलं. हरले. गावात लोक त्याच्यावर चिडले होते. नंतर त्याने खेळणंच सोडलं.

केतन सांगताना हळहळत होता. मीही च्‌ च्‌ केलं. आत मात्र – इथपर्यंत आलोय तर हेही सांगतो – आत मला कोणीतरी बक्षीस दिल्यासारखं वाटलं. एवढं मोठं, तगडं शरीर, आणि ते मी एका बोटाने मागे फिरवलं होतं. तेही बोट न हलवता.

मागच्या वर्षी तो भेटला. भाईंदरला, मिठाईच्या दुकानात. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. पोट सुटलंय, केस पांढरे. बरोबर शाळेच्या कपड्यांतली मुलगी. जुन्या घराच्या जागी बिल्डिंग झाली, म्हणाला. व्यवहार धाकट्या भावाने बघितला, सह्याबिह्या सगळं तोच करतो. “मी न्हाय पडत त्यात. मोठ्या कामात मी असलो की काहीतरी होतं,” असं हसत हसत म्हणाला, जसं कोणी मला बटाटा चालत नाही म्हणतं. मुलीला सांगितलं, “हे काका डॉक्टर. खरे न्हाय, गेममधले. मला लय वाचवायचे.”

मुलगी माझ्याकडे बघून लाजली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग दुकानदार पेढे बांधत असताना तो जरा जवळ सरकला. आवाज खाली आणला. इतक्या वर्षांनी, मिठाईच्या काउंटरवर, त्याने मला विचारलं, “एक सांग. खरं सांग हां. मी खरंच इतका वाईट खेलायचो का?”

तो माझ्याकडे बघत होता. दुकानात गर्दी नव्हती, कसली घाई नव्हती. मुलगी काचेतल्या बर्फ्या बघत होती. आमच्या दोघांचं ऐकायला कोणीही नव्हतं. असा प्रश्न माणसाला पुन्हा कोण विचारतं? आणि तो तर उत्तर मान्य करायला तयारच उभा होता – मी कोणतंही दिलं असतं तरी.

मी म्हणालो, “हो.”

त्याने मान हलवली. पेढ्यांचा बॉक्स घेतला, मुलीचा हात धरला, घरी ये कधीतरी म्हणाला आणि दोघं रस्ता ओलांडून गेली.